डाव्या मुठीची रायफल

मी डावखुरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

फेल्डहोवन या डच गावात आमच्या घरापासून सायकलने जाण्याजोगा एक नेमबाजीचा क्लब आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर सहज म्हणून गेले आणि अडकलेच. दिवसभर मशीनच्या कॅलिब्रेशनशी डोकेफोड केल्यावर कागदावरच्या काळ्या वर्तुळाकडे बघत हळूच श्वास सोडायला फार बरं वाटतं. इथे मनात आलं आणि रायफल घेतली असं चालत नाही. आधी वर्षभर क्लबच्या रायफलींवर शिकायचं, मग पोलिसांचा परवाना, घरात भिंतीला पक्की ठोकलेली तिजोरी. मी निमूटपणे सगळं केलं.

पण क्लबच्या रायफली झाडून सगळ्या उजव्या! बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत एक गोळी झाडली की बोल्टची मूठ उचलून मागे ओढायची, मग पुढे ढकलायची, तेव्हा दुसरी गोळी आत जाते. ही मूठ उजव्या बाजूला. मी रायफल लावते डाव्या खांद्याला. म्हणजे दर गोळीनंतर डावा हात वरून पलीकडे न्यायचा, की मागच्या लाकडी दस्त्याला टेकवलेला गाल उठलाच, जमवलेली बैठक मोडलीच. पहिली गोळी मधोमध, दुसरी कुठेतरी गावाबाहेर.

"सवय होईल," नवरा म्हणाला. स्वतः उजवा, आणि आयुष्यात कधी रायफल हातात न धरलेला.

माझं डोकंच फिरलं. हे दोन शब्द ऐकत मी मोठी झाले. जेवताना डावा हात ताटाकडे गेला की आई चापट मारायची आणि म्हणायची, सवय होईल. झाली. आजही मी उजव्या हाताने जेवते. कॉलेजातल्या खुर्च्यांना लिहायची फळी उजवीकडे, मी सगळी वर्षं कंबर पिळून लिहिलं. हळदीकुंकवाला चुकून डाव्या हाताने कुंकू लावायला गेले, तर एका काकूंनी कपाळच मागे घेतलं होतं. कात्री, कॅन उघडायचं यंत्र, सगळ्यांची सवय झाली. आता नाही. आता मला माझ्या हाताची वस्तू हवी होती, मग ती मुद्दाम बनवून का घ्यावी लागेना.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं बाई, बंदूकसुद्धा डाव्या हातानेच?"

"हो. बंदूकसुद्धा."

मग मी इंजिनिअर जे करतो तेच केलं. महिनाभर संध्याकाळी बसून ड्रॉइंग काढलं. डावी मूठ, माझ्या गालाच्या उंचीचा दस्ता, जाड नळी, ट्रिगर ओढायला लागणारा जोर, प्रत्येक मापाला टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा. नवरा म्हणाला, "रायफल करतेयस की उपग्रह?" मी पुढचं माप लिहिलं.

ड्रॉइंग घेऊन बंदुका बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात गेले. त्याने ते शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. "करून देईन," तो म्हणाला, "वर्षभर थांबावं लागेल." मग मागच्या रॅकवरून एक रायफल काढून माझ्यासमोर ठेवली. मूठ डावीकडे.

"ही कोणासाठी बनवली?" मी विचारलं.

"कोणासाठी नाही. फॅक्टरीतूनच येते, डावखुऱ्यांसाठी."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही ड्रॉइंग आणलंत." इथली माणसं अशीच, तोंडावर बोलून मोकळी.

मी ती खांद्याला लावली. गाल जागेवर बसला. हात खाली आला तर मूठ तिथेच. गाल न उचलता मी बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, परत ओढला. वेड्यासारखं किती वेळा केलं कोण जाणे. आणि मला चक्क रडू आलं. मी न मागता, न भांडता, न ड्रॉइंग काढता, कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी माझ्यासारख्यांना आधीच धरून चाललं होतं. मुद्दाम बनवून घेतली असती तर तीही माझी एक वेगळी सोयच ठरली असती. ही सोय नव्हती. ही नुसती रायफल होती.

कारागिराने सोबत आलेला फॅक्टरीच्या चाचणीचा कागद दाखवला. तीन भोकं जवळजवळ एकमेकांत मिसळलेली. "माझी याहून थोडी बरी होईल," तो म्हणाला, "पण तो फरक तुम्हाला हातात पकडता येईल का, ते तुम्ही ठरवा." मला नसता आला. मी ड्रॉइंगची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि ही रायफल माझ्या परवान्यावर चढवायचे कागद मागितले.

रायफल घरी आल्यावर पहिल्याच रविवारी शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. गाल एकदाही उठला नाही. कागद जवळ आणून पाहिला, तर पाचही भोकं माझ्या अंगठ्याखाली झाकली जात होती. मी क्लबात मोठ्याने "अरे वा!" म्हणाले, लोकांनी वळून पाहिलं.

नवरा त्या दिवशी पाहुणा म्हणून आला होता. "मला एकदा दे ना," म्हणाला. क्लबातल्या शिकवणाऱ्याने त्याला नीट बसवलं. त्याने एक गोळी झाडली आणि उजवा हात आपसूक उजवीकडे मूठ शोधायला गेला. मूठ नव्हती. मग हात वरून पलीकडे नेला, गाल उठला, बैठक मोडली. तो वैतागून माझ्याकडे वळला.

"अगं, हे सगळं उलटंच आहे!"

"सवय होईल," मी म्हटलं.