चक्कर आली नव्हती

"मॅडम, तुम्ही वाढपात नको. तुम्ही उष्टी ताटं बघा."

मुख्याध्यापक हळू आवाजात बोलले. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती त्यांनी स्वतः काढून घेतली आणि गणिताच्या मॅडमकडे दिली. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीचं लग्न. पाचोरा रोडवरचं लॉन. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, आणि वाढायला आम्ही शिक्षक. आमच्या विनाअनुदानित शाळेत हे सांगावं लागत नाही. अध्यक्षांकडे कार्य निघालं की स्टाफ पदर खोचून हजर.

"का, सर?" मी विचारलं.

"मोठ्या घरची पंगत आहे. वाढणाऱ्याचं आडनाव विचारतात हो लोक. मनाला लावून घेऊ नका."

आम्ही बौद्ध. शाळेत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बोलायची गरजच पडत नाही. अध्यक्षांच्या वास्तुशांतीलाही मला ताटांकडे उभं केलं होतं. तेव्हा वाटलं, पाळीपाळीनं असेल. पाळी माझीच राहिली. मग नातवाच्या बारशाला मी चक्कर आल्याचं सांगून निघाले. सत्यनारायणाला डोकं दुखलं. माझी तब्येत अशी त्यांच्या घरच्या कार्यांवर चालते. हसू येतं, पण जीव दमतो. दिवसभर शिकवून येत नाही तेवढा थकवा खोटं दुखणं आणून येतो.

मी इंग्रजी शिकवते. लग्नाच्या आठवड्यातच नववीला काही शब्द समजावले होते. मराठीत आपण 'नाकारणं' या एकाच शब्दाला सगळीकडे पिटाळतो. म्हणून आमची पोरं 'ही डिनाइड टू कम' लिहितात आणि मी ते लाल शाईनं कापते. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. कुणी ढकललं तरी जागचं हलायचं नाही, ते रेझिस्ट. सांगितलेलं काम करणार नाही म्हणायचं, ते रिफ्यूज. आणि घडलेलं घडलंच नाही म्हणायचं, ते डिनाय. मुलांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचं शहरात शिवणकामाचं दुकान आहे. जिभेनं तिखट पोर.

"मॅडम, बहाणा केला तर ते यातल्या कशात येतं?"

घंटा झाली. सुटले.

आता लॉनच्या कडेला, उष्ट्या ताटांच्या टबापाशी, तो प्रश्न परत पुढ्यात आला. जिभेवर चक्कर तयारच होती. डोक्याला हात लावायचा, खुर्चीत बसायचं, कुणीतरी लिंबूपाणी आणायचं, स्कूटी काढायची, पिंप्राळ्याला घरी. सगळं पाठ होतं. आणि पहिल्यांदाच कळलं की ते फळ्यावरच्या त्या तीन शब्दांपैकी कशातच येत नाही. बहाण्यानं माझे हात तेवढ्यापुरते सुटत होते. टब माझ्याच नावावर राहत होता. पुढच्या कार्याला तो परत माझी वाट बघत बसणार.

मी मुख्याध्यापकांकडे गेले.

"सर, मी ताटं उचलणार नाही. वाढायला द्या, वाढते. नाहीतर पंगतीला बसते."

ते इकडंतिकडं बघायला लागले. आवाज चढला नव्हता माझा, तरी दोघं-तिघं थांबले. वरणाची बादली कुणी परत दिली नाही. मग मी पंगतीत जाऊन बसले. गणिताच्या मॅडम वाढत वाढत आल्या. माझ्यासमोर त्यांचा हात थांबला. मी बट्टी कुस्करून तयार ठेवली होती. त्यांनी वरण वाढलं, माझ्याकडे न बघता. चव काही लागली नाही. पण पानात काही टाकलं नाही, सगळं संपवलं.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं. समोर चहाही ठेवलेला.

"मी अध्यक्षांना सांभाळून घेतलंय," मुख्याध्यापक म्हणाले. "मॅडमना चक्कर आली होती, काय बोलतोय याचं भान नव्हतं, असं सांगितलंय. त्यांनी विचारलं तर फक्त हो म्हणा. यंदा तुम्हाला कायम करायचं ठरलंय. कशाला उगाच हातातलं घालवता?"

कायम. पाच वर्षं दर जूनला मी नव्यानं नेमणुकीची वाट बघत आलेय. माणूस वाईट नाही, खरंच मला वाचवत होता. वाचवायला माझं एक वाक्य पुसायचं होतं, एवढंच. मी म्हटलं, उद्या सांगते.

घरी आई डाळ मिलमधून नुकतीच आली होती. धुळ्याकडची माझी आई, आयुष्यभर डाळ निवडत आली. तिला सगळं सांगितलं. ती पाय चोळत ऐकत होती.

"तुले चक्कर उनी व्हती का?"

"नाही."

"मंग? दुखस तर दवाखानामा जाय. नही म्हनानं शे तर नही म्हन. दोन्हीस्ना काला कसाले करस?"

दुखणं आणि नकार एकात कालवू नको, एवढंच सांगून ती भाकरी टाकायला उठली.

मंगळवारी प्रार्थनेआधी मी केबिनमध्ये गेले. बसले नाही.

"सर, मला चक्कर आली नव्हती. मी नाही म्हणाले होते. पूर्ण भानावर. अध्यक्षांना तसं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "विचार करा, मॅडम," म्हणाले. मी म्हटलं, "केलाय."

मग नववीच्या वर्गावर गेले. त्या मुलीला उभं केलं आणि सांगितलं, "बहाणा कशातच येत नाही. बहाणा केला की काम आपलंच राहतं."

जूनमध्ये काय होईल ठाऊक नाही. बहुतेक जे व्हायचं तेच होईल. घर माझ्या आणि आईच्या पगारावर चालतं, म्हणून भीती वाटते. दमलेही आहे. पण त्यांच्या कुठल्याही कार्याला मी आता आजारी पडणार नाही. धडधाकट उभी राहीन आणि नाही म्हणेन.