पैलतीरची मळई

नदी वळते तिथे बाहेरच्या काठावर पाणी जोरानं आदळतं आणि माती सोडवून नेतं. आतल्या काठाशी तेच पाणी मंदावतं, गाळ टाकतं. त्या सुपीक गाळाला मळई म्हणतात. शांताबाईंचं घर बाहेरच्या काठावर आहे.

काल पैलतीरचे दादू होडीतून वांगी घेऊन आले. मीही तिथेच होतो.

"वहिनी, औंदा मळई अशी पिकलीया! खत नको, काय नको."

"कशाला लागंल? माझ्या परड्याची माती हाय ती. नीट राखा."

दोघंही हसले. मग दादूंनी मागल्या दाराबाहेर पाहिलं. परडं उरलं नव्हतं. उंबऱ्याला लागूनच कड होती, आणि पाणी शांत असतानाही तिची ढेकळं सुटून पडत होती.

डोंगर झिजतो तेव्हा कुठे खाली शेतं होतात. आपण जिला आपली जमीन म्हणतो, तीही कुणाच्या तरी पायाखालून सुटून आलेली असते. हे खरं आहे, पण त्या दारात ते बोलवेना.

पूर चढला की इथल्या बायका नदीची ओटी भरतात. सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी, नदीनं परत जावं म्हणून.

"औंदा घाटावर जायला नको," शांताबाई म्हणाल्या. "दारातनंच भरीन. पण भावजी, ओटी निघणारीची भरत्यात. आता निघायचं कुणी, तिनं का मी?"

दादूंनी वांगी उंबऱ्याच्या आत ठेवली.