म्हैस, डबी आणि भाईंची जीप

आमच्या गाडीला गल्लीत सगळे म्हैस म्हणत. काळी, गोल पाठीची, पूर्वी साहेबलोकांकडे असायची तसली जुन्या बनावटीची गाडी होती ती. आमच्या ह्यांनी ती धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडून घेतली. ऊन तापलं की मागच्या सीटमधून मिरचीचा खकाणा उठायचा. बसलेला माणूस शिंकला की हे आरशातून बघत आणि विचारत, "सर्दी झाली का?"

ह्यांचं नांदेडला मोंढ्यात बी-बियाणांचं दुकान होतं आणि उमरीकडे शेती. माणूस शांत. दुकानात गिऱ्हाईक काय वाट्टेल ते बोललं तरी चिडायचे नाहीत. पण गाडीला कुणी नाव ठेवलं की दोन दिवस जेवण धड जायचं नाही.

माझी थोरली बहीण लातूरला दिलेली. तिचे यजमान, आमचे भाऊजी, फिजिक्सचे क्लास घेत. आधी ओसरीवर पाच-सहा पोरं बसायची. मग लातूरचं नाव झालं, चहूकडून पोरं यायला लागली, आणि भाऊजींनी गच्चीवर पत्रे टाकले. क्लासच्या जिवावर त्यांनी नवीकोरी छोटी पांढरी गाडी घेतली होती. तिला आम्ही डबी म्हणायचो. भूकंप झाला तेव्हा ही डबी वर्षाचीही नव्हती. त्यांच्या घराला भेगा गेल्या. बहीण आणि लेकरं अंगणात ताडपत्रीखाली झोपत, आणि भाऊजी डबीत. दार उघडं टाकून, पाय बाहेर काढून. पुढं भेगा बुजवल्या, बाकीचे आत गेले, तरी भाऊजी कितीतरी दिवस गाडीतच झोपत होते. त्यामुळं आरामाचा विषय निघाला की ते म्हणायचे, "मी तिच्यात झोपलेला माणूस आहे. मला सांगू नका."

तिसरी गाडी आमच्या शेजारच्या भाईंची. त्यांचा मंडपाचा धंदा. कनाती, सतरंज्या, पातेली वाहायला जुनी डिझेलची जीप. भूकंपानंतर ती जीप कितीतरी दिवस तिकडच्या खेड्यांतच होती. तंबू घेऊन गेली, ब्लँकेटं घेऊन गेली. परत येताना काय काय घेऊन आली ते भाईंनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आमची मुलगी अकरावीला लातूरला मावशीकडे राहायला गेली. त्याच वर्षी भाईंचा मुलगाही तिथंच खोली घेऊन राहिला. मग दर रविवारी आमची आणि भाईंची मंडळी डबे घेऊन लातूरला. कधी म्हैस, कधी जीप, कधी दोन्ही. बहिणीच्या फाटकासमोर तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या की पुरुषमंडळी खुर्च्या टाकून त्यांच्याकडे तोंड करून बसायची.

"मागं बसलं की झोप लागली पाहिजे, तिला गाडी म्हणायचं," हे म्हणत.

"लागती की," भाऊजी म्हणत. "तुमची चालू होईपर्यंत एक झोप होती माणसाची."

"तुम्ही दोघं आरामाचंच धरून बसले," भाई म्हणत. "माझ्या जीपमध्ये आराम न्हाई, कबूल. पण चालवायची मजा हाय. हातात चाक धरलं की कळतं, आपण कायतरी चालवून राहिलो."

"आणि बसणाऱ्याला काय कळतं?" भाभी आतून विचारायच्या. भाभी म्हणजे भाईंच्या बायको.

"बसणाऱ्याला रस्ता कळतो."

भाभींना रस्ता पाठ होता. लोह्याचे खड्डे, माळाकोळीचा चढ, अहमदपूरचं वळण, सगळं त्यांच्या कमरेत नोंदलेलं. लातूरला उतरल्यावर त्या आधी कंबर धरून अंगणात दोन फेऱ्या घालत. डबीत बसलं की माझे गुडघे हनुवटीला टेकायचे. म्हशीचं रेक्झीन इतकं गुळगुळीत की वळणावर मी या दारापासून त्या दारापर्यंत घसरत जायची. तिन्ही गाड्यांत मागं बसलेल्या आम्हीच तिघी, पण कुठली बरी ते आम्हाला कुणी विचारलं नाही.

म्हशीचा एक गुण मात्र माझ्या पथ्यावर पडला. ती धक्क्याशिवाय चालू होत नसे. धक्का द्यायला एक माणूस लागतो आणि चाकावर बसायला एक. हे मला ढकलायला लावायचे नाहीत, तेवढी माया होती. म्हणून मी चाकावर. क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, गाडीनं वेग धरला की ओरड ऐकू यायची, "सोड," की पाय उचलायचा. गाडी गचका खाऊन चालू झाली की मी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन उभी करायची आणि हे धापा टाकत मागून यायचे. पुढं पुढं मी टोकाला न थांबता मोंढ्याला वळसा घालून आणायला लागले. हे उन्हात उभे राहायचे. इंजिन गरम झालेलं बरं असतं, असं मी त्यांना सांगायची.

बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. "पोरीनं कालपासून काही खाल्लं नाही. पेपरला बसत न्हाई म्हणती. तू ये."

हे पलंगावर पडून. आदल्याच दिवशी म्हशीला ढकलताना कंबर धरली होती. भाई जीप घेऊन माहूरला मंडप घालायला गेलेले. आणि त्या दिवशी नेमका बंद पुकारलेला, एसटी सगळ्या आगारात.

मी किल्ली उचलली. हे उठायला गेले आणि कण्हून परत पडले. "उतारावर गिअर काढू नको," एवढंच म्हणाले.

शेजारी भाभींना कळलं तसं त्या बुरखा घालून, मुलासाठी डबा घेऊन येऊन बसल्या. गल्लीतल्या लोकांनी धक्का दिला आणि आम्ही निघालो.

बंदमुळं रस्ता मोकळा होता, हे माझं नशीब. तरी एखादा ट्रक यायचाच.

"बाजी, समोर ट्रक हाय," भाभी म्हणाल्या. त्या मला बाजी म्हणत, म्हणजे ताई.

"दिसतोय."

"त्याला आपण दिसून राहिलो का पण?"

ट्रक गेला. भाभींचे ओठ हलत होते. मीही मनातल्या मनात रेणुकामातेचं नाव घेत होते. लोहा गेलं, माळाकोळीचा चढ म्हशीनं कुंथत कुंथत चढला. मला इतकं बरं वाटत होतं की आपण कशासाठी निघालोय ते मधूनच विसरायला व्हायचं, आणि आठवलं की लाज वाटायची.

अहमदपूरच्या अलीकडे रस्त्यात टायर आणि बाभळीच्या फांद्या टाकून माणसं बसली होती. एकानं हात वर केला. मी थांबले आणि गाडी बंद पडली.

"आज बंद हाय, म्हाईत न्हाई का?" पुढारी म्हणाला. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं. मग तो मागच्या काचेतून वाकून बघायला लागला. "मालक कुठं हायत?"

"मीच आणली गाडी. लेकीचा उद्या पेपर आहे, तिची तब्येत बरी नाही."

तो सरळ उभा राहिला. "लातूरला हाय का पोरगी? माझा पुतण्या बी तिथंच हाय." त्यानं मागं वळून हाक दिली, "फांदी उचला रे. बाईला जाऊ द्या."

फांदी उचलली. मी म्हणाले, "भाऊ, गाडी धक्क्याशिवाय निघत नाही."

सगळं आंदोलन उठलं. दहा-बारा जणांनी म्हशीला हात लावला. लगेच चर्चाही सुरू. एक म्हणाला, ही गाडी दगडासारखी, माझ्या मेव्हण्याकडे होती. दुसरा म्हणाला, म्हणूनच हलून राहिली नाही. पुढारी घोषणा देत होता त्याच आवाजात "लाव जोर" म्हणायला लागला. म्हैस गचका खाऊन चालू झाली. भाभींनी खिडकीतून हात बाहेर काढून सलाम केला, आणि मागून टाळ्या ऐकू आल्या.

लातूरला फाटकापुढं मी सारखा हॉर्न वाजवत राहिले, कारण इंजिन बंद करायची भीती. भाऊजी बाहेर आले, चाकावर मला बघितलं, मग वाकून मागच्या सीटवर ह्यांना शोधलं. तिथं भाभींचा डबा होता.

मुलगी गच्चीच्या कठड्याशी उभी होती. डोळे सुजलेले. ती धावत खाली आली. "आई, तू चालवलीस? पप्पा कुठंत?"

"पलंगावर. कंबर धरली."

"आणि तुला येती चालवायला?"

"नाही येत," मी म्हणाले. "पण आले."

ती हसायला लागली, मग रडली, मग मावशीनं वाढलेला वरणभात खाल्ला. मी काही उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी ती पेपरला गेली. डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत. पुढं परभणीला शेतीचं शिक्षण घेतलं, आणि आज ह्यांच्या दुकानातल्या बियाण्यांना ती नावं ठेवते.

त्या दुपारी मी ह्यांना फोन केला. पहिला प्रश्न, "गाडी कशी चालली?"

"एकदा बंद पडली."

"एकदाच?" आवाजात कंबरदुखी राहिली नव्हती. "भाऊजींना सांग हे."

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या गेल्या. "बाईमाणसानं एकटीनं नांदेडहून आणली," हे म्हणाले. "आणखी काय भरवसा पाहिजे गाडीचा?"

"भरवसा तिचा धरा," भाऊजी म्हणाले. "गाडी लोकांनी ढकलली."

"वैनीनं माझी जीप नेली असती तर अर्ध्या वेळात पोचल्या असत्या," भाई म्हणाले.

"त्या पोचल्या असत्या," भाभी म्हणाल्या. "मी न्हाई."

बहीण चहा घेऊन आली होती. ट्रे खाली ठेवून ती म्हणाली, "मला बी शिकायचंय."

भाऊजी म्हणाले, शिकणाऱ्याच्या पायानं क्लच जातो, डबी नाजूक आहे, बघू पुढं. बहिणीनं चहाचे कप पुढं केले. सुटीत मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा भाऊजी गच्चीवर नव्या बॅचला शिकवत होते आणि किल्ली खुंटीला होती. बहिणीला चाकावर बसवून मी शेजारी बसले. डबी पहिल्याच फिरकीला चालू झाली. बहीण दचकली. गाडी अशी मुकाट चालू होते याची मलाही सवय नव्हती.

फाटकातून बाहेर पडलो तर गल्लीत पुढं कडब्याची बैलगाडी. बहिणीनं तिच्यामागं गाडी लावली आणि तशीच चालवत राहिली. मागं हॉर्न वाजायला लागले. मी म्हणाले, "काढ बाजूनं पुढं, जागा आहे."

"घाई कुणाला हाय," ती म्हणाली. चाक दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, कपाळावर घाम. मी मागं वळून वर बघितलं तर गच्चीच्या कठड्याला सगळी बॅच ओणवी झाली होती, आणि मधोमध भाऊजी, हातात खडू तसाच.