शालिग्राम झोपेच्या नावावरच्या सत्तावीस हरकती

सकाळी आठच्या सुमारास युसूफ दारात येऊन उभा राहिला. रोजच्यासारखं "भाऊ, चहा टाका" म्हणाला नाही. खिशातून चार घड्या केलेला कागद काढला आणि शालिग्रामच्या हातात दिला. काहीतरी बिनसलंय एवढं शालिग्रामला तेव्हाच कळलं, पण काय बिनसलंय ते नीट कळायला पुढचे अकरा दिवसही पुरले नाहीत.

कागद तालुक्याच्या कचेरीतून आला होता, युसूफच्या बायकोच्या, सकीनाच्या नावाने. 'आपण गाव सोडून कायमचे स्थलांतर केले असल्याने आपले नाव मतदार यादीतून वगळावे, अशी हरकत प्राप्त झाली आहे. सुनावणीस मंगळवारी अकरा वाजता हजर राहावे.' खाली हरकतदाराचं नाव होतं, शालिग्राम देवचंद झोपे.

शालिग्रामने ते नाव दोनदा वाचलं. गावात दुसरा शालिग्राम झोपे नव्हता. असलाच तर त्याच्या बापाचं नाव देवचंद नसतं.

"हे काय आहे रे?"

"मी तेच विचाराले आलो, भाऊ. सकीना काल दिवसभर घरातच होती, आजबी आहे. ती कुठी गेली म्हणून लिहिलं तुम्ही?"

"मी कसाले लिहू?"

"नाव तर तुमचंच आहे."

शालिग्रामने पुन्हा कागदाकडे पाहिलं. नाव आपलंच आहे, हे खोटं कसं म्हणणार?

रावेरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या या गावात शालिग्राम चौतीस वर्षं शाळेचा शिपाई होता. त्याचं दोन एकर केळीचं रान होतं, ते तो सुटीच्या दिवशी बघायचा. बाकी सारा जीव शाळेत. आणि शाळा म्हणजेच मतदान केंद्र. निवडणूक आली की पेट्या, पुढे मशीन घेऊन येणारी माणसं एस.टी.तून उतरायची आणि पहिला प्रश्न असायचा, शिपाई कोण? मग पाणी भरून ठेवणं, बाकं हलवणं, म्हाताऱ्यांसाठी पायरीवर फळी टाकणं, सगळं शालिग्रामने करायचं. नावनोंदणी निघाली की गुरुजी नुसते बसायचे. दारोदार फिरून दाखले गोळा करायचा तो शालिग्राम. पाटील गल्ली, तडवी वस्ती, मोहल्ला, सगळीकडे त्याला आत बोलावून पाणी मिळायचं. बावीस वर्षांपूर्वी सकीना भडगावहून लग्न होऊन आली, तेव्हा तिचा अर्जही त्यानेच भरून घेतला होता. युसूफ पाण्यातल्या मोटारींची वायंडिंग करायचा. शाळेच्या विहिरीवरची मोटार जळाली की शालिग्राम त्याच्याकडे, आणि कचेरीतला कागद आला की तो शालिग्रामकडे. असा दोघांचा संबंध.

दुपारी सुलक्षणाबाई आल्या. त्या अंगणवाडी सेविका, आणि गावच्या मतदार यादीचं कामही त्यांच्याकडेच. ओट्यावर बसून त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि फाईल उघडली.

"नाना, एक नाही, सत्तावीस आहेत."

"काय सत्तावीस?"

"हरकती. नाव काढायचा नमुना सात. सगळ्या मोहल्ल्यातल्या, आणि सगळ्या तुमच्या नावाने. कोणाला मयत लिहिलंय, कोणाला स्थलांतरित. मिसबाहआपा रोज माझ्या अंगणवाडीवरून केळीच्या पॅकिंगला जातात, आणि इथे त्या मयत आहेत."

"बाई, मले काहीच समजी नाही राह्यलं."

"मलाही नाही समजत, नाना. एका माणसाने पाचाहून जास्त हरकती घेतल्या की तालुक्याचे साहेब स्वतः बघतात. म्हणून तर सुनावणी लागली. तुम्हाला पण नोटीस येईल." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "तुम्ही कुठे सही-बिही केली होती का?"

शालिग्राम नाही म्हणणार होता. तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं.

त्याची बायको लताबाई वारली त्याला दोन वर्षं झाली होती. मागच्या निवडणुकीत तिच्या नावाची चिठ्ठी घरी आली. यादीत ती अजून होती, वय वर्षं सत्तावन्न. नाव काढायचा अर्ज कसा भरतात हे शालिग्रामइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. शेकडो लोकांचे त्याने भरले होते. हिचा मात्र भरवेना. आज भरू, उद्या भरू करत राहिला. मग दीड-दोन महिन्यांपूर्वी एक माणूस ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भेटला. तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. "आबा, याद्या शुद्ध करायचं काम चाललंय. घरात कोणी वारलेलं असेल तर सांगा, मी भरून देतो." शालिग्रामला वाटलं, बरं झालं, आपल्या हाताने लिहावं लागणार नाही. त्याने लताबाईचं नाव सांगितलं, स्वतःच्या मतदार कार्डाचा नंबर दिला. चष्मा घरी होता. तो माणूस म्हणाला, इथे करा, इथे करा, आणि इथे. एक अर्जावर, एक पोचवर, एक आमच्या रेकॉर्डला.

तीन सह्या. की चार? तीनच असाव्यात.

"केली होती," तो सुलक्षणाबाईंना म्हणाला. "पण एकीसाठी केली होती."

संध्याकाळी त्याने जळगावला मुलाला फोन लावला. हितेंद्र तिथे पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं, "बाबा, एकच बोलायचं. सही माझी नाही. सत्तावीसच्या सत्तावीस खोट्या आहेत म्हणायचं. खोटी हरकत घेतली तर वर्षभराची कैद आहे, मी आत्ताच मोबाईलवर बघितलं. पेन्शनचं काय होईल?"

"पण तीन तर मी..."

"तुम्हाला नक्की माहीत आहे का, त्या कागदांवर तुमचीच सही आहे म्हणून?"

"नाही."

"मग झालं तर! माहीत नाही ना? मग नाहीच म्हणायचं."

ते ऐकायला बरोबर वाटत होतं. फोन ठेवल्यावर मात्र शालिग्रामला त्यात कुठेतरी गाठ बसल्यासारखं वाटलं, आणि ती कुठे बसली ते सापडेना.

पुढचे दिवस त्याला विचित्र गेले. पाटील गल्लीतल्या दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "बरं केलं शालिग्रामभाऊ!" काय बरं केलं, विचारायची त्याला हिंमत झाली नाही. मोहल्ल्यातून जाताना मात्र नेहमीचं "या भाऊ, बसा" कानावर आलं नाही. मिसबाहआपा तेवढी आडवी आली. चार वर्षांपूर्वी नवरा गेलेली, तोंडाची फटकळ बाई.

"मी मेली म्हणून लिहिलं ना तुम्ही? मग मातीले का नाही आले?"

"आपा, मी नाही लिहिलं."

"मग तुमच्या नावानं कोणी लिहिलं? आमची नावं तुम्हीच घातली होती. कुठलं नाव कुठल्या पानावर आहे, हे तुमच्याशिवाय कोणाले ठाऊक?"

त्या प्रश्नाने तो हबकला. खरंच, कोणाला ठाऊक होतं? त्याने त्या माणसाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मिशी होती की नव्हती? गाडी कुठली? ओळखपत्रावर काय लिहिलं होतं? चौतीस वर्षं कोणता पाहुणा किती वाजता शाळेत आला हे सांगणाऱ्या शालिग्रामला त्या माणसाचा फक्त आवाज आठवत होता. ग्रामसेवकाला विचारलं, तो म्हणाला असा कुणी आमच्याकडून आला नव्हता. चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला असे दहा येतात. कधी कधी शालिग्रामला वाटायचं, आपणच रागाच्या भरात काही बोललो असू का कुणाबद्दल? पण राग कसला, तेही आठवत नव्हतं.

मंगळवारी मोहल्ल्यातली माणसं टेंपोने गेली. शालिग्राम रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत होता, तर युसूफची मोटारसायकल येऊन थांबली. सकीना टेंपोत होती.

"बसा," युसूफ म्हणाला. एवढंच.

कचेरीत साहेब तरुण होते, घाई न करणारे. सुलक्षणाबाई फाईल घेऊन बाजूला उभ्या. एकेक नाव पुकारलं जाई, माणूस आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन पुढे होई. साहेबांनी मिसबाहआपाकडे पाहिलं, कागदावरच्या 'मयत' शब्दाकडे पाहिलं, आणि काही न विचारता खाली शेरा लिहिला. मग शालिग्रामला बोलावलं.

"या सह्या तुमच्या आहेत?"

सत्तावीस कागद टेबलावर मांडले होते. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. शालिग्राम वाकून बघू लागला. पहिल्या कागदावरची सही त्याची नव्हती. 'झो'ची मात्रा भलतीकडे गेलेली. दुसरी नाही. तिसरी नाही. कुणीतरी बघून बघून, हात अडखळत काढलेल्या. नवव्या कागदावर तो थांबला. मग सोळाव्यावर. मग तेविसाव्यावर.

चौतीस वर्षं रोज हजेरीपटावर केलेली सही माणूस ओळखणार नाही?

तेविसावा कागद सकीनाचा होता.

हितेंद्रचं बोलणं त्याच्या कानात होतं. 'नाहीच म्हणायचं.' म्हटलं असतं तरी ही नावं यादीत राहणारच होती, मग खरं सांगून कुणाचं काय भलं होणार होतं? हे त्याला कळेना. आणि खोटं सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार होतं, तेही कळेना. मागे युसूफ उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"साहेब, चोवीस माझ्या नाहीत," शालिग्राम म्हणाला. "या तीन माझ्या आहेत."

खोलीत कुणीतरी "हं!" केलं.

"म्हणजे या तीन हरकती तुम्ही घेतल्या?"

"नाही. सही माझी, मजकूर माझा नाही. मी बायकोचं नाव काढायला सही केली होती. ती वारली. कागद कोरे होते का भरलेले, मी पाहिलं नाही. चष्मा नव्हता." त्याने तेविसाव्या कागदावर बोट ठेवलं. "ही सकीना युसूफ. भडगावची. हिचा फॉर्म मीच भरला होता, साहेब. ही कुठे गेलेली नाही. हे सगळे इथेच आहेत. मी सगळ्यांना ओळखतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या पत्नीचा अर्ज यात दिसत नाही. बाई, बघा बरं."

सुलक्षणाबाईंनी यादी चाळली. "नाही साहेब. लताबाई शालिग्राम झोपे. नाव आहे तसंच आहे."

म्हणजे ज्या एका कामासाठी सही केली, तेवढंच झालं नव्हतं. शालिग्रामला हसावं की रडावं समजेना. तो तसाच टेबलाचा कोपरा धरून उभा राहिला. साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितली. मग त्याचा जबाब लिहून घेतला. सत्तावीसच्या सत्तावीस हरकती फेटाळल्या. अज्ञात इसमाविरुद्ध पोलिसांत तक्रार करण्याचंही लिहिलं, आणि शालिग्रामला बजावलं की चौकशीला बोलावलं तर यावं लागेल. त्याने मान डोलावली. यावं लागेल म्हणजे साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, हे त्याने विचारलं नाही आणि साहेबांनी सांगितलं नाही.

बाहेर मोहल्ल्यातली माणसं टेंपोत चढत होती. नावं वाचल्याचा आनंद होता, पण शालिग्राम दिसताच बोलणं थांबलं. युसूफने मोटारसायकल चालू केली आणि मागे न बघता थांबून राहिला. शालिग्राम बसला. दोन्ही बाजूंनी केळीची रानं मागे जात होती, केळीचे ट्रक समोरून येत होते. गावाच्या फाट्यावर युसूफने गाडी बाजूला घेतली.

"तीन तुमच्या नाहीत म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"काही नसतं झालं."

"मग काहून सांगितलं?"

"मले नाही माहीत, युसूफ."

युसूफने हँडलवरची धूळ अंगठ्याने पुसली. "मलेबी समजी नाही राह्यलं, भाऊ," तो म्हणाला. "तुमच्यावर रागवू, का नको रागवू." आणि त्याने गाडी गावात घेतली.

पोलिसांनी एकदा बोलावलं. शालिग्रामने त्या माणसाचं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. ते फारच थोडं होतं. पुढे काय झालं ते कळलं नाही. तो माणूस कोण, कुणी पाठवलेला, आणि शालिग्रामच का निवडला, या तिन्ही प्रश्नांची गावात दहा उत्तरं होती. शालिग्रामला त्यांतलं एकही पटत नव्हतं.

दोन महिन्यांनी शाळेत नवीन मतदारांच्या नोंदणीचं शिबिर लागलं. आपण जावं की नाही, हे शालिग्राम आठवडाभर मनात घोळवत राहिला. शेवटी सुलक्षणाबाईच निरोप देऊन गेल्या, "नाना, बाकं कोण लावणार?" तो गेला. बाकं लावली, माठ भरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मोहल्ल्यातल्या बायका आल्या. मिसबाहआपाने मुलाचे कागद पदराआड धरले आणि त्याच्या समोरून जाऊन थेट सुलक्षणाबाईंच्या हातात दिले. त्याला लागलं, पण तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असंही वाटलं.

मग युसूफ आणि सकीना आले, आणि त्यांची मुलगी मंतशा. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, रावेरच्या कॉलेजात जायची. युसूफ दाराशीच रेंगाळला. सकीना मात्र पुढे आली.

"भाऊ, हिचा फॉर्म भरायचा आहे."

"सुलक्षणाबाई देतील भरून," शालिग्राम म्हणाला.

"बाईंच्या समोर गर्दी आहे. तुम्ही सांगा, ती लिहील. ती वाचून दाखवेल, तुम्ही ऐका."

मंतशा बाकावर बसली. नमुना सहाचा कागद तिने मांडीवरच्या वहीवर ठेवला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. शालिग्राम तिच्या शेजारी बसला. दाराशी उभा असलेला युसूफ आत येईल की परत जाईल, हे त्याला तिथून कळत नव्हतं.

"आडनाव आधी लिहायचं का, चाचा?" मंतशाने विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "आधी काय विचारलंय ते पुन्हा वाच."