बिनशिवणीची बंडी

लोकरीची, हाताने विणलेली बंडी सोवळ्यात चालते किंवा नाही, हा प्रश्न आमच्या खालापूरच्या घरात एका हिवाळ्यात उभा राहिला. त्याचे उत्तर नीट मांडावे, एवढ्यासाठी हे लिहिते.

प्रश्न माझ्या सासूबाईंमुळे निघाला. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. केशवपन झालेल्या बाईने चोळी घालू नये, या रीतीने त्यांच्या अंगावर लाल आलवण तेवढे असे आणि हात खांद्यापासून उघडे. पहाटे थंड पाण्याने स्नान करून त्या सोवळ्यात स्वयंपाकाला लागत. ते काम त्यांनी कोणास दिले नाही. त्या वर्षी त्यांना खोकला जडला, तो हटेना.

सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही, पण लोकर शुद्ध मानतात. तेव्हा लोकरीची आणि कोठेही शिवण नसलेली बंडी करावी, असे मी ठरविले. क्रोशाचे काम मी मुलींच्या शाळेत शिकले होते. पांढरी लोकर यजमानांनी मुंबईहून आणून दिली.

रीत अशी. गळ्यापासून आरंभ करून खाली विणीत जावे व खांद्यांशी टाके वाढवावे. काखेशी आल्यावर बाह्यांचे टाके तसेच सोडून अंग पुरे करावे, मग त्या सोडलेल्या टाक्यांवरच बाह्या उतरवाव्या; म्हणजे जोड लागत नाही. सुई टाक्याच्या माथ्यात न घालता त्याच्या देठाभोवती, एकदा पुढून व एकदा मागून, घातली की उभ्या धारा उठतात. अशी वीण जाड होते व ऊब धरते.

दूध घालणारी कुळंबीण ओटीवर टेकून पाहत असे.

"वैनी, ह्ये तर नांगरल्यालं शेतच हाय गं! पेरनार काय यात?"

"सासूबाईंसाठी आहे."

"म्हातारी? नाय घालायची ती. त्यापरीस माज्या कोंबड्याला घाल, त्यो काय नाय म्हनायचा नाय."

मी विणीत राहिले.

बंडी पुरी झाल्यावर उपाध्यांना विचारले. त्यांनी ती निरखून पाहिली व ते म्हणाले, "लोकर आहे, शिवण नाही. खुशाल चालेल." सासूबाईंनी काखेपासून कमरेपर्यंत बोटे फिरविली. "शिवण नाही खरी," एवढेच बोलून त्यांनी ती स्वतः धुतली आणि आलवणाशेजारी वळणीवर टाकली. त्यानंतर रोज पहाटे त्या काठीने आलवण उतरवीत. बंडी वर राही.

शेवटी मी विचारले, "सासूबाई, उपाध्ये तर हो म्हणाले."

"हो म्हणाले गं. त्यांनी वस्त्राचं सांगितलं. माझ्या हातांचं त्यांना कोणी विचारलं?" चुलीत लाकूड सारीत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं उघडे आहेत. आता झाकले, तर माझे वाटायचे नाहीत."

खोकल्याचा ताप झाला. अंथरुणावर सोवळे उरले नाही. तेव्हा मी वळणीवरची बंडी काढली व त्यांचे हात एकेक करून बाह्यांत घातले. त्यांनी अडविले नाही. बाह्या बरोबर बसल्या.

"ऊब आली का?" मी विचारले.

त्यांनी बाहीकडे पाहिले. "कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "हातांना काही कळत नाही."

महाशिवरात्रीच्या आधी त्या गेल्या. मी बंडी धुतली, वाळविली, घडी केली. रडू आले नाही. त्या अंथरुणाला खिळल्यापासून हाती घेतलेला स्वयंपाक आता माझ्याकडेच राहिला.

तेव्हा उत्तर असे: अशी बंडी सोवळ्यात चालते. ती घातली जाते किंवा नाही, हे मला सांगता येत नाही. वाचकांनी वरील रीतीने एक बंडी विणावी, काखेपाशी बोट फिरवून शिवण लागते का ते पाहावे, आणि माझे म्हणणे स्वतः पडताळून घ्यावे.