झेंडूखालचं काडतूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही शिवाप्पाला ओळखत नाही. त्याला ओळखणाऱ्या माणसासमोर माझी जीभ उचललीच नसती.

तेव्हा मी सोलापुरात एका गिरणीत पहारेकरी होतो. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायला आमची पत्र्यानं मढवलेली मोटार निघायची. पुढं ड्रायव्हरजवळ मी, हातात काठी. मागं पेटीजवळ शिवाप्पा, हातात दुनळी बंदूक. हा शिवाप्पा मैंदर्गीचा. लढाईवरून परतल्यावर त्याला काम मिळेना, तेव्हा मीच त्याला जमादारासमोर उभा केला. माझ्या शब्दावर तो लागला. आणि बंदूक कुणाला मिळाली? त्याला! मी इतकी वर्षं फाटकावर उन्हात करपलो, आणि हा कालचा आलेला... पण त्याला ती चालवता येत होती, मला नाही. हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबायचं.

मोटार चाळीवरून निघाली की बाया दारात यायच्या. बघायच्या कुणाकडं? काठीकडं कोण बघतंय! माझी बायकोसुद्धा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "शिवण्णा लई रुबाबदार दिसत्यात की. तुमास्नी कवा देणार हो बंदूक?" तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी मी अर्ध्या भाकरीवरून उठलो. शिवाप्पा वाईट असता तर किती बरं झालं असतं! बेटा मला दादा म्हणायचा, गावाहून येताना शेंगा आणायचा. मी त्याच्या शेंगा खायचो आणि त्याच्यावरच जळायचो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणीत हत्यारांची पूजा असायची — माग, हातोडे, बंदूक, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. काडतुसं मात्र एरवीसारखीच कचेरीच्या कपाटात जमा करायची, असा नियम होता. मी शिवाप्पाला म्हणालो, "बंदूक पुजतोस आन् काडतुसं कपाटात? अर्धीच पूजा करतोस व्हय?" त्याला ते मनापासून पटलं. "खरं हाय दादा. ज्येच्यावर पोट चालतंय ते समदंच पुजाय पायजे." त्यानं काडतुसं ताटलीत मांडली, वर झेंडू वाहिला. हे बोलताना माझ्या मनात काही होतं का? नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं — होतं.

नमस्काराला वाकलो तेव्हा झेंडूखालचं एक काडतूस मी मुठीत घेतलं आणि कोपरीच्या खिशात टाकलं. देवापुढं वाकलेल्या माणसाचा संशय कोण घेणार? त्याला चार शिव्या बसाव्यात, बंदूक काढून घ्यावी — एवढंच मला हवं होतं.

सकाळी जमादारानं काडतुसं मोजली. एक कमी! शहरात तेव्हा चळवळवाल्यांच्या धरपकडीचे दिवस होते; गिरणीचं काडतूस गेलं म्हणजे कुणाला विकलं, हाच पहिला सवाल. शिवाप्पाचा फेटा सोडायला लावला, सदरा उतरवला, वळकटी उसवली. मग जमादार माझ्याकडं वळला. काडतूस अजून खिशातच होतं. ते टाकून द्यायला मी धजलो नव्हतो. आणि मध्ये कोण पडलं? शिवाप्पा! उघड्या अंगानं, हात जोडून. "दादांची झडती घिऊ नका, जमादारसायेब. त्यांनीच मला हितं आणलंय. नियम मी मोडला, काय करायचं ते मला करा."

जमादार थांबला. मीही तिथंच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर... नाही बोललो.

त्याला काढून टाकलं. चांगल्या वर्तणुकीचा कागदसुद्धा दिला नाही. काडतूस मी गिरणीच्या हौदात सोडलं, आणि बंदूक मला मिळाली; चालवायला जमादारानंच शिकवलं. बायकोनं विचारलं, "शिवण्णांनी आसं कसं केलं हो?" मी म्हणालो, "पैशाची चटक, दुसरं काय?" हे तर काडतूस चोरण्याहून वाईट, नाही का? ती मरेपर्यंत त्याला चोर समजत राहिली. आणि सांगायचंच तर सगळं सांगतो — मला ते गोड वाटत होतं.

पुढं एकदा मोटार बाजारावरून चालली होती. मागं दुनळी घेऊन मी. रस्त्याकडेला शिवाप्पा शेरडं विकायला बसलेला. मला बघून तो ताडकन उभा राहिला, त्याचा चेहरा खुलला. "दादा, बंदुकीला तेल देत जावा! न्हाय तर गंजतीया ती!" लोक वळून बघायला लागले — माझ्याकडं, बंदुकीकडं. याचसाठी केलं होतं ना सगळं? पण त्या शेरडांत उभा असूनही रुबाबदार तोच दिसत होता. मला त्याचाही राग आला. मी मान फिरवली, कुणी अनोळखी माणूस ओरडल्यावर फिरवावी तशी.

काडतूस मी घेतलं होतं. शिवाप्पानं नाही.