अपघात न दाखवणारा कॅमेरा

दादाला टीव्हीवर मोटार रेस बघायला फार आवडायचं आणि ती दाखवणाऱ्यांवर तो कायम नाराज असायचा. "खरी लढत मागे चाललीय आणि हा पुढच्याचंच तोंड दाखवतोय," असं तो रिमोट आपटत म्हणायचा. कॅमेरा उंचावर लावला की वेग मरतो, जमिनीलगत ठेवला तरच कळतो, हे त्यानेच मला शिकवलं. रेस असेल त्या रविवारी संध्याकाळी खांदेश्वरच्या आमच्या घरात दुसरं काही लागत नसे. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. त्यांना त्यात रस नव्हता.

मागच्या वर्षी तळोज्याला कामावर जाताना दादाच्या बाईकला कंटेनरचा धक्का लागला. मी वाशीला ऑफिसात होते. बाबा घरी एकटेच होते. हॉस्पिटलचा फोन येण्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीतरी काढलेला. खाली लिहिलं होतं, 'आपल्या एरियातला वाटतो. कोणी ओळखतं का?' बाबांनी बाईकचा नंबर ओळखला.

हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. दादाला सांगायचं नाही, एवढंच म्हणाले.

पायात रॉड घालून दादा घरी आला. तीनेक महिन्यांनी एका रविवारी त्याने स्वतःहून रेस लावली. पाय स्टुलावर ठेवून तो मुकाट्याने बघत होता. मध्येच एक गाडी वळणावर भिंतीला धडकली. क्षणभर धूळ दिसली आणि लगेच चित्र बदललं. हेडफोन लावून उभी असलेली टीमची माणसं, मग लांबून दिसणारा रिकामा ट्रॅक. कॉमेंट्री करणाऱ्यांचा आवाज एकदम खाली आला.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "काय झालं त्याचं? दाखवत का नाहीत?"

"ड्रायव्हर ठीक आहे हे कळेपर्यंत नाही दाखवत," दादा म्हणाला. "घरचे बघत असतात, बाबा."

टीव्हीवर ती माणसं तशीच उभी होती. मग बाबा हळूच म्हणाले, "तुझा मी बघितला होता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मोबाईलवर आला होता. अजून आहे."

"कशाला ठेवलाय, बाबा?"

"शेवटी तुझा हात हलतो त्यात," बाबा म्हणाले. "हॉस्पिटलला पोचेपर्यंत रिक्षात तेवढंच बघत होतो. हात हलतोय म्हणजे आहेस."

दादाने हात पुढे केला. बाबांनी मोबाईल दिला. त्याने तो उघडला नाही, थोडा वेळ नुसता धरून बसला आणि परत दिला. "राहू दे," म्हणाला.

तोवर टीव्हीवर तो ड्रायव्हर गाडीतून बाहेर आला होता. आता ते धडक दाखवू लागले, समोरून, वरून, पुन्हा सावकाश. दादाने चॅनल बदललं.

त्या संध्याकाळी मी सोसायटीचा ग्रुप सोडला. बाबांनी नाही सोडला. पाण्याच्या वेळा तिथेच कळतात, म्हणाले.